दाखवायचा दर आणि खरा खर्च

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी दोन्ही गोष्टी एकाच वेळी लाभण्याचा काही उपाय नव्हता. आता तो आहे, असे वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडणारे गुळगुळीत रंगीत पत्रक सांगते. पत्रकावर पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणारे वृद्ध जोडपे असते, त्याखाली ठळक अक्षरांत ‘दंतरोपण फक्त ११,९९९ रुपयांत’ असे छापलेले असते आणि त्या आकड्याच्या डोक्यावर, भिंगाशिवाय दिसू नये अशा बेताने, एक इवलीशी चांदणी असते. तिचा खुलासा पत्रकाच्या तळाशी सापडतो : ‘अटी लागू’.

हे पत्रक ज्या घरात पडते त्या घराचे चित्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरात पाहावे. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, निवृत्तिवेतनावर चाललेला संसार, मुलगा पुण्यात नोकरीला. खालची एक दाढ किडली आणि अखेर काढावी लागली. नेहमीच्या दंतवैद्याने रोपणाचा खर्च ४५ हजार सांगितला. पत्रक म्हणते बारा हजार. शेजारचे काका म्हणतात, “अहो गुरुजी, स्क्रू तो स्क्रूच. त्याला एवढे पैसे कशाला घालता?” मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, स्वस्ताच्या मागे लागू नका.” दोघांच्याही बोलण्याला आधार एकच, अंदाजाचा. गुरुजींनी भाजीपासून मुलीच्या लग्नातल्या दागिन्यांपर्यंत प्रत्येक वस्तू आयुष्यभर पारखून घेतली. परंतु स्वतःच्या जबड्याच्या हाडात कायमची बसणारी वस्तू पारखावी कशी, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. नेहमीच्या आरोग्यविम्यात, अपघाताचा अपवाद सोडला तर, दातांचा खर्च बहुधा बसत नाही. तेव्हा जे काही जाणार ते बँकेतल्या ठेवीतूनच.

आकडा खुंटीचा, दाताचा नव्हे

दंतरोपण ही एक वस्तू नसून तीन वस्तूंची जोडणी आहे. जबड्याच्या हाडात बसणारी टायटॅनियमची आटेदार खुंटी हे कृत्रिम मूळ. व्यवहारात इम्प्लांट म्हणतात ते तिलाच. तिच्यावर हिरडीतून वर येणारा जोडतुकडा, ज्याला दंतवैद्य ॲबटमेंट म्हणतात. आणि त्यावर डोळ्यांना दिसणारा, घास चावणारा दात, म्हणजे आपल्या बोलण्यातली कॅप. पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा यांपैकी पहिल्या वस्तूपुरता असतो. जोडतुकडा वेगळा, कॅप वेगळी, हाडाची उंची आणि जाडी मोजणारा त्रिमितीय स्कॅन वेगळा. दाढ निघून वर्षे लोटली असतील आणि तिथले हाड झिजले असेल तर त्याची भर घालण्याचा खर्च आणखी वेगळा. घराची जाहिरात पायाच्या दराने करावी, तसा हा प्रकार. सारे धरून मोठ्या शहरांत एका दाताचा खर्च आज साधारण २० हजारांपासून ६० हजारांपर्यंत, आणि नामांकित ठिकाणी त्याहूनही वर जातो. वस्तुतः दंतवैद्यकांच्या आचारसंहितेला अशी जाहिरातबाजी मान्य नाही. पण आचारसंहिता दवाखान्याच्या भिंतीवर राहते आणि पत्रक घरोघरी पोहोचते.

तरीही नुसत्या लपवलेल्या खर्चाची तक्रार करून थांबणे म्हणजे प्रश्नाच्या उंबरठ्यावरूनच परतणे होय. लपलेले सगळे आकडे जोडल्यावरही काही ठिकाणचे रोपण स्वस्तच राहते. ते स्वस्त का, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी ही वस्तू कशी जन्मली ते पाहिले पाहिजे. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळकांडी प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात. हाडाने धातूला आपलेसे करून घट्ट धरून ठेवले होते. या निरीक्षणातून दंतरोपणाची कल्पना पुढे आली आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशा खुंट्या बसल्या. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याला साथ देत होत्या. तथापि जगाच्या दंतवैद्यक क्षेत्राने ही पद्धत मान्य केली ती १९८२ च्या टोरंटो येथील परिषदेनंतर. मधली सतरा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवण्यात, कोणत्या खुंट्या टिकल्या व कोणत्या सुटल्या हे मोजण्यात आणि टीका ऐकण्यात गेली.

धातूची किंमत इथे गौण आहे. एका खुंटीत टायटॅनियम एक ग्रॅमही नसते. (हा धातू ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून मिळतो त्याची काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे, आणि २०११ साली केरळात चवरा येथे टायटॅनियम स्पंजचा कारखानाही उभा राहिला. धातूसाठी परक्याच्या तोंडाकडे पाहण्याचे दिवस सरत आले आहेत.) खर्च होतो तो कारागिरीवर. खुंटी आणि जोडतुकडा यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक ठेवावी लागते, नाहीतर तिच्यात जंतू घर करतात. हाडाने पकड घ्यावी म्हणून पृष्ठभागावर बारीक कणांचा मारा करून आणि आम्लाची प्रक्रिया करून तो ठरावीक प्रमाणात खरबरीत करतात. त्यानंतर त्यावर कारखान्याच्या तेलाचा अंश किंवा कणही राहता कामा नये. मग निर्जंतुक वेष्टन. आणि सर्वांत महाग बाब म्हणजे बसवलेल्या खुंट्यांचा दहा-पंधरा वर्षे पाठपुरावा. डोळ्यांना दोन खुंट्या सारख्याच दिसतात. शेजारच्या काकांची चूक होते ती इथेच.

स्वस्ताई दोन जातींची

काही वस्तू स्वस्त होतात त्या मोठ्या प्रमाणावर आणि शहाणपणाने बनवल्यामुळे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब ही संस्था उभारली आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायचे भिंग भारतात तयार केले. आयात भिंगाची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. स्वदेशी भिंग त्याच्या एका लहानशा अंशात मिळू लागले आणि जगातल्या अनेक देशांत गेले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची हृदयाची झडप १९९० च्या डिसेंबरात पहिल्या रुग्णाला बसली. तीही परदेशी झडपेहून स्वस्त, आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांच्या चाचण्या. दाताच्या बाबतीत हेच दक्षिण कोरियाने केले. तिथल्या सरकारी आरोग्यविम्याने २०१४ साली ७५ वर्षांवरील वृद्धांना आयुष्यात दोन इम्प्लांटपर्यंत संरक्षण दिले, दोन वर्षांत ही वयोमर्यादा ६५ वर आणली आणि २०१८ साली रुग्णाचा वाटा पन्नास टक्क्यांवरून तीसवर उतरवला. कोरियन कंपन्यांना असे भक्कम घरचे गिऱ्हाईक मिळाले, उत्पादन वाढले, दर उतरले. आज भारतातल्या कितीतरी दवाखान्यांत बसणारी खुंटी कोरियन असते. ती स्वित्झर्लंडच्या किंवा स्वीडनच्या खुंटीहून बरीच स्वस्त असते, आणि म्हणून ती वाईट ठरत नाही.

दुसरी स्वस्ताई वगळण्यातून येते. स्कॅन वगळला. निर्जंतुकीकरणात काटकसर केली. मूळ कंपनीच्या जोडतुकड्याऐवजी बाजारात मिळणारा मिळताजुळता तुकडा बसवला. कॅप बनवणाऱ्या प्रयोगशाळेला भावात इतके पिळले की तिने धातूचा दर्जा उतरवला. हाड भरून यायला लागणारा काळ वगळला. आणि काम झाल्यावर रुग्णाला पुन्हा बोलावणे वगळले. यांपैकी एकही गोष्ट पहिल्या वर्षी दिसत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती संवेदनशील तंतूंची गादी असते, कणी चावली तरी ती कळवते. इम्प्लांटला ती गादी नाही. त्यामुळे भोवतालची हिरडी सुजून हाड झिजू लागले तरी दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा बरेचसे हाड गेलेले असते.

हा धोका नगण्य मानण्याचे कारण नाही. ज्या स्वीडनमध्ये ही पद्धत जन्मली तिथेच ५८८ रुग्णांची नऊ वर्षांनंतर तपासणी करून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४.५ टक्के रुग्णांत इम्प्लांटभोवती मध्यम ते तीव्र स्वरूपाचा, हाड झिजवणारा दाह आढळला. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा विकार होता त्यांच्यात धोका अधिक होता. कंपनीगणिक फरक दिसला. आणि वरचा दात विशेषज्ञाऐवजी सर्वसाधारण दंतवैद्याने बसवलेला असेल तरीही धोका वाढलेला दिसला. स्वीडनसारख्या काटेकोर देशाची ही कथा. आपल्याकडे बी.डी.एस. झालेला कोणताही दंतवैद्य दोन-तीन दिवसांचे शिबिर करून रोपण सुरू करू शकतो. त्यांतले कित्येक पुढे मेहनतीने निष्णात होतात हे खरे. पण ते निष्णात होईपर्यंत ज्या जबड्यांवर हात बसतो ते जबडे कोणाचे असतात, याचाही विचार व्हावा.

नाव नसलेली खुंटी

स्वदेशी इम्प्लांटविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. भारतात इम्प्लांट बनवणारे उद्योग आहेत आणि त्यांनी वाढावे, अशीच कोणाही स्वाभिमानी माणसाची इच्छा असेल. परंतु ऑरोलॅबचे भिंग आपल्या नावानिशी विकले गेले, श्रीचित्राची झडप आपल्या नावानिशी बसली. दवाखान्यात मात्र स्वस्त खुंटी पुष्कळदा निनावी असते. ‘इंपोर्टेड आहे’ किंवा ‘जर्मन टेक्नॉलॉजी आहे’ एवढेच रुग्णाला सांगितले जाते. स्वदेशी मालावर परदेशी मुखवटा चढवून तो विकण्यात स्वदेशीचे काय भले होते?

कायदा नाही असे नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली. प्रत्येक खुंटीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, उत्पादनाचा लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. चांगल्या कंपन्या त्यासोबत सोलून काढता येणारी चिकटपट्टी देतात, ती रुग्णाच्या कागदांवर लावायची असते. ही चिठ्ठी हाच त्या वस्तूचा जन्मदाखला. पाच वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला, दरम्यान दवाखाना बंद पडला किंवा गुरुजी मुलाकडे राहायला गेले, तर नव्या दंतवैद्याला आत काय बसले आहे ते कळायला हवे. प्रत्येक कंपनीची चावी वेगळी, मापे वेगळी. नाव ठाऊक नसेल, किंवा नाव ठाऊक असून कंपनीच गाशा गुंडाळून गेली असेल, तर दोन-तीनशे रुपयांच्या स्क्रूपायी हाडात पक्की बसलेली, निरोगी खुंटी कोरून काढण्याची वेळ येऊ शकते.

सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्या निर्णयाने लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला, आणि रुग्णालये किती पटींनी पैसे लावत होती तेही उघड झाले. दाताच्या इम्प्लांटवर असे बंधन नाही. छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढा सर्वसाधारण नियम लागू आहे. पण रुग्णाला वेष्टनच दाखवले जात नाही तिथे छापील किंमत कोण वाचणार? दर ठरवून देण्याआधी निदान वेष्टन आणि चिठ्ठी रुग्णाच्या हाती देणे सक्तीचे झाले, तरी या व्यवसायातला निम्मा अंधार दूर होईल.

वीस वर्षांचा हिशेब

गुरुजी गणिताचे शिक्षक होते असे समजू. त्यांनी वहीवर मांडणी केली. ४५ हजारांचे रोपण वीस वर्षे टिकले आणि दरवर्षी तपासणी व स्वच्छतेला दीड हजार गेले, तर एकूण ७५ हजार. वर्षाला ३,७५० रुपये. सगळे जोडून २५ हजारांत झालेले रोपण चौथ्या वर्षी सुटले, तर नुसत्या मूळ खर्चाचेच वर्षाला ६,२५० पडले. शिवाय ते काढणे, हाडाची भर, पुन्हा सहा महिन्यांची प्रतीक्षा आणि पुन्हा पहिल्यापासून खर्च. पण तेच २५ हजारांचे रोपण नीट निगराणीत पंधरा वर्षे टिकले तर? तपासणीसह साडेसत्तेचाळीस हजार, म्हणजे वर्षाला ३,१६७. महागड्याहूनही कमी. तेव्हा स्वस्त म्हणून वाईट हा मुलाचा सिद्धांतही गणितात टिकत नाही. सबंध उत्तर ‘किती वर्षे’ या एका पदावर अवलंबून, आणि पत्रकात नेमके तेच पद नाही. जगभरच्या नोंदी सांगतात की नीट बसवलेली खुंटी दहा वर्षांनंतर शंभरांत नव्वदहून अधिक रुग्णांत जागेवर असते. ‘नीट बसवलेली’ या दोन शब्दांत मात्र वर वगळलेल्या साऱ्या गोष्टी येतात.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेत एका दातासाठी तीन ते पाच हजार डॉलर मोजावे लागतात, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मुंबई, पुणे किंवा गोव्यात येऊन दात करून घेण्याचा प्रघात पडला आहे. दर्जेदार काम इथे खरोखर स्वस्तात होते. अडचण रजेची आहे. हाडाने खुंटी धरण्यासाठी रूढ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन, तर वरच्या जबड्यात चार ते सहा महिने द्यावे लागतात, आणि रजा असते तीन आठवड्यांची. काही निवडक रुग्णांत लगेच दात बसवता येतो; परंतु ‘तीन दिवसांत संपूर्ण तोंड’ अशी हमी जो सरसकट देतो तो हाडाच्या वेळापत्रकाऐवजी विमानाच्या वेळापत्रकाने चालतो. दोन हिवाळ्यांत विभागून काम करणारे दंतवैद्यही आहेत, त्यांच्याकडे जावे.

संपूर्ण तोंडाचा विषय निघालाच आहे तर तिथली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खालची कवळी हलते, घास चावता येत नाही, म्हणून त्रासलेल्या आजींना सहा-आठ खुंट्यांचे, लाखांच्या घरातले पॅकेज सुलभ हप्त्यांवर सुचवले जाते. वस्तुतः २००२ साली कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन खुंट्यांवर बटणासारखी अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा. दोन खुंट्या आणि एक कवळी. हे सुचवणारा दंतवैद्य भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा.

आणि प्रत्येक गेलेल्या दाताला खुंटीच हवी असेही नाही. शेजारच्या दोन दातांना आधीच कॅप घालायची असेल तर ब्रिज हा सरळ, स्वस्त आणि पुष्कळ वर्षे चालणारा उपाय आहे. सर्वांत शेवटची दाढ गेली असेल तर काहीही न करणे हासुद्धा उपाय असू शकतो. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये इथे विशेषज्ञांच्या देखरेखीखाली कवळी आणि ब्रिजची कामे अल्प शुल्कात होतात. रांगेत बसावे लागते, चार खेपा जास्त होतात. निवृत्त माणसापाशी वेळ हे भांडवल असतेच. ज्या दाढेवर रूट कॅनाल करून ती वाचवता आली असती ती काढायला लावून तिच्या जागी रोपण विकणे, हा मात्र या व्यवसायातला सर्वांत निंद्य प्रकार होय. नैसर्गिक दात जितका काळ टिकेल तितका टिकवावा, याविषयी जगातल्या जाणत्या दंतवैद्यांत दुमत नाही. आणि तंबाखू व मिश्री सोडल्याशिवाय कोणतेही रोपण, स्वस्त वा महाग, भरवशाचे नाही. गावोगावच्या आया-मावश्यांना हे कोणी तरी बसून समजावून सांगितले पाहिजे.

गुरुजी वही घेऊन दोन्हीकडे गेले. पत्रकवाल्या केंद्रात गणवेशातील मुलीने हसतमुखाने बेरीज करून दिली : जोडतुकडा, कॅप, स्कॅन धरून ३१ हजार. कंपनी कोणती, या प्रश्नावर ती म्हणाली, “ते सर ठरवतील, काका.” सर दर शनिवारी बाहेरगावाहून येत. नेहमीच्या दंतवैद्याकडे ४५ हजारांत सर्व काही होते, वेष्टनही समोर आले. त्यावरचे नाव कोरियन निघाले. “मग एवढा दर कसा?” असे गुरुजींनी शिक्षकी आवाजात विचारले, तेव्हा डॉक्टर थोडे ओशाळले आणि हिशेब मांडून पाच हजार कमी झाले. मग त्यांनी एक प्रश्न केला, जो खरे तर पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. रक्तातली साखर किती? तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली, आकडा नऊच्या वर निघाला. रोपण पुढे ढकलले गेले. तूर्त गुरुजी सकाळी नदीच्या रस्त्याने फिरायला जातात आणि डाव्या बाजूने चावतात.